चहा झाला की बंद पडणारा रोबो

माझा मल्टीमीटर मुळात पिवळाच आहे त्यामुळं त्याच्यावर फारसं कळत नाही, पण प्रोबची काळी वायर आता पिवळट झालीय, टूलबॅगेचं आतलं अस्तर कायमचं गेलं आणि दोन शर्टांच्या बाह्या धुताना लालभडक झाल्या. साबण लागला की हळद लाल होते हे लग्नात एकदा कळलं होतं, आता परत कळलं. तिसऱ्यांदा असा रंगून घरी आलो तेव्हा बायको म्हणाली, "तुम्ही कामाला जाताय का रोज कुणाच्या हळदीला?"

तर काम होतं एका मसाल्याच्या कारखान्यातलं. नाव सांगत नाही, सांगून उपयोग पण नाही, सांगलीत हळदीचे कारखाने काय कमी आहेत का, मार्केट यार्डाच्या बाजूनं वारा सुटला तरी डोळे झाकून सांगता येतं कुठं आलोय ते. हरिपूरला पूर्वी जमिनीत पेवं करून हळद साठवायचे, २०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, हे सगळं आमच्याकडं शाळकरी पोराला पण माहीत असतं, पण त्याच हळदीची पोती पॅलेटवर (माल ठेवायच्या लाकडी चौकटीवर) रचायला रोबो असतो म्हटलं की लोक माझ्याकडं संशयानं बघतात. पाहुण्यांत कुणीतरी हमखास विचारतं, रोबो म्हणजे चालत येतो का? नाही ओ, एका जागी उभा राहून हमाली करतो.

मी मिरजेत राहतो, कुपवाड एमआयडीसीत एक गाळा आहे, रोबो आणि सीएनसी मशीनची इलेक्ट्रिकल कामं करतो. फोन आला तो मेंटेनन्सच्या पोराचा. "सर, रोबो आपोआप बंद होतोय आणि आपोआप चालू होतोय. एसएमपीएस बदलून बघितला, तरी तेच." एसएमपीएस म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनिक्सला २४ व्होल्ट देणारा सप्लायचा डबा. इथंच मला खरं म्हणजे अर्धी गोष्ट कळायला पाहिजे होती. नवीन सप्लाय टाकूनही दुखणं तसंच राहिलं याचा अर्थ दुखणं सप्लायमध्ये नाही, सप्लाय बिचारा फक्त सांगतोय. पण मी तेवढा हुशार असतो तर तीन खेपा झाल्या नसत्या.

ज्यांनी रोबोचा कंट्रोलर उघडून बघितला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, बाकीच्यांनी हा पॅरा सोडा. बाहेरून ४१५ व्होल्ट थ्री फेज येतं. बऱ्याच कंट्रोलरमध्ये आत एक ट्रान्सफॉर्मर असतो जो ते २०० च्या आसपास आणतो. तिथून दोन वाटा फुटतात. एक वाट जाड, ती सर्वो अँप्लिफायरकडं (मोटारी चालवणाऱ्या बोर्डाकडं) जाते, तिथं एसीचं डीसी होतं, त्याला आम्ही डीसी बस म्हणतो, २१० व्होल्ट एसीला १.४१४ नं गुणा, साधारण ३०० व्होल्ट डीसी येतं. हे मोटारींचं जेवण. दुसरी वाट बारीक, ती एसएमपीएसकडं जाते आणि तिथून २४ व्होल्ट डीसी निघतं. हे २४ व्होल्ट खाणारे म्हणजे कंट्रोलरचा मेंदू, पेंडंट (रोबो चालवायचा हातातला रिमोट), सेफ्टीचे रिले (विजेवर चालणारे स्विच), इनपुट आउटपुट, सेन्सर, आणि बऱ्याच मॉडेलात मोटारींचे ब्रेक पण. मेंदूच्या बोर्डावर त्यातूनच पुढं ५ व्होल्ट, ३.३ व्होल्ट वगैरे तयार होतं. या २४ ला धक्का बसला की अलार्म कसला पण येऊ शकतो. कधी एन्कोडरचा (मोटार किती फिरली ते सांगणारा सेन्सर), कधी कम्युनिकेशनचा, कधी सर्वोचा, आणि कधी काहीच अलार्म नाही, स्क्रीन काळी आणि परत कंपनीचा लोगो. अलार्म वाचून त्याच्या मागं पळत गेलं की माणूस दोन दिवस एन्कोडरची केबलच तपासत बसतो.

पहिली खेप. एप्रिलचा दुसरा आठवडा, सांगलीचं ऊन, दुपारचे अडीच. पॅनेलचं दार उघडलं आणि आतून जी वाफ आली ती तोंडावर घेऊन मी दोन पावलं मागंच सरलो. फॅनच्या फिल्टरवर हळदीचा थर, नुसती पूड नाही, हळदीत तेल असतं त्यामुळं ते जाळीवर असं लिंपल्यासारखं बसलेलं, नखानं उचकटलं तर खपली निघाली. आत टेंपरेचर बघितलं तर ५५ अंश. आता कुठल्याही चांगल्या एसएमपीएसचा कागद काढून बघा, ५० अंशांपर्यंत पूर्ण लोड लिहिलेलं असतं आणि त्याच्या पुढं दर अंशाला दोन-अडीच टक्के कमी धरा म्हणतात. दहा अँपिअरचा सप्लाय ५५ ला पावणेनऊचा राहतो. कागदावर. तो लगेच बंद पडत नाही, पण अंगात जीव नसतो. शिवाय आतले वीज साठवणारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेनं वाळत जातात ते वेगळंच, ढोबळ हिशेब असा की दहा अंश वाढले की आयुष्य निम्मं.

मी म्हटलं सापडलं. फिल्टर धुवून घेतला, फॅन बदलला, एसएमपीएसच्या टर्मिनलला मीटर लावला, २४.१. मीटर मिन-मॅक्सवर टाकून तासभर बसलो, सगळ्यात खाली २२.६ गेलेलं दाखवलं, म्हटलं चालतंय. निघताना मॅनेजर साहेबांना मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं की पॅनेलमध्ये वारा वाढवा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं माझ्याच अंगावर येणार आहे.

दोन दिवस शांत. तिसऱ्या दिवशी फोन, "सर आधी दिवसातनं एकदा व्हायचं, आता तीन-चारदा होतंय."

दुसरी खेप. आता मी म्हटलं इनकमिंग बघू. तिन्ही फेज मोजल्या, चारशेच्या आसपास, फरक फार नाही. न्यूट्रल बघितला कारण आमच्या भागात मी न्यूट्रल ढिला झाल्यानं जळालेले सप्लाय बघितलेत, थ्री फेजमध्ये न्यूट्रल सुटला की एका फेजवर दीडशे आणि दुसरीवर तीनशेच्या वर असं काहीही होऊ शकतं आणि २३० चा एसएमपीएस फट्ट करून जातो. न्यूट्रल ठीक होता. मग एमसीबीच्या खालच्या बाजूला एका लगचा (वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोपीचा) प्लास्टिकचा बूट तपकिरी झालेला दिसला. स्क्रू हातानं फिरत होता. लग काढला, काळा ठिक्कर. मला काय आनंद झाला सांगू. नवीन लग क्रिंप केला, सगळे स्क्रू टाइट केले, फोटो काढून मॅनेजरला दाखवला, त्यांनी पण मान डोलावली. खोटं काहीच नव्हतं त्यात, तो लग कधीतरी त्रास देणारच होता. फक्त ज्या आजारासाठी बोलावलं होतं तो हा नव्हता. खरी खराबी सापडली की आपण शोधणं थांबवतो आणि सापडलेली खराबी आपल्याच तक्रारीची आहे का हे विचारायचं राहून जातं. मी नाही विचारलं. दुसऱ्या दिवशी दुपारी परत फोन.

मध्येच एक गोष्ट सांगतो कारण हे वाचून कुणी उत्साहानं पॅनेल उघडलं तर. मेन स्विच बंद केला म्हणजे काम झालं असं समजू नका. डीसी बसच्या कपॅसिटरमध्ये ते ३०० व्होल्ट काही मिनिटं तसेच बसलेले असतात. मी नोकरीत नवीन असताना, तेव्हा पुण्याकडं होतो, सिनियर म्हणाला पाच मिनिटं थांब, मी दोन मिनिटं थांबलो. स्क्रूड्रायव्हरचं टोक दोन टर्मिनलच्या मध्ये गेलं, फाट करून आवाज आला, डोळ्यापुढं निळं-पांढरं, आणि स्क्रूड्रायव्हरच्या पात्याला हरभऱ्याएवढी खाच. तो स्क्रूड्रायव्हर अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. आता दिवा विझला तरी थांबतो, मीटर डीसीवर टाकून बसवर लावतो, आकडा तीसच्या खाली आल्याशिवाय हात घालत नाही. आणि दुसरं, पॉवर बंद करण्याआधी बॅटरीचा अलार्म आहे का बघा. एन्कोडरची बॅटरी मेलेली असेल आणि तुम्ही कंट्रोलर बंद केला तर रोबो आपण कुठं उभा आहे तेच विसरतो, मग मास्टरिंग, म्हणजे त्याला त्याची जागा परत शिकवणं, करत बसा. बॅटरी नेहमी कंट्रोलर चालू असताना बदलायची. इमर्जन्सी दाबून, पण पॉवर चालू ठेवून. सप्लाय दुरुस्त करायला गेलेल्या माणसानं मास्टरिंग घालवून ठेवलेलं मी दोनदा निस्तरलंय.

हां, तर तिसरी खेप. यावेळी मीटर बाजूला ठेवला आणि ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजची क्षणाक्षणाची रेघ काढून दाखवणारं यंत्र, नेला, हातात धरायचा छोटा. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आल्या आल्या पॅनेल उघडलं नाही. त्या रोबोपाशी एक मामा असतात, पन्नाशी ओलांडलेले, पॅलेट बदलायचं आणि स्टार्ट दाबायचं काम त्यांचं. आधीच्या दोन्ही खेपांना मी मेंटेनन्सच्या पोराशी बोललो, मॅनेजरशी बोललो, या माणसाशी शब्द बोललो नव्हतो. म्हटलं मामा, हे बंद कधी पडतं?

मामा म्हणाले, "च्या झाला की."

मला वाटलं चेष्टा करतायत.

"खरंच सायेब. साडेधाला च्या पिऊन आलं आन बटन दाबलं की कधी कधी जातंय. जेवून आलं की हमखास. चारचा च्या झाला की परत. चालू असताना कधी न्हाई गेलं बगा. येकदा चाललं की दम न्हाई लागत त्याला."

मी तिथंच पोत्यावर बसलो. आठ दिवस हे वाक्य त्या माणसाच्या खिशात पडून होतं आणि मी बाहेर लग क्रिंप करत होतो.

चहाच्या सुट्टीत काय होतं बघा. लाइन थांबते. रोबो काही वेळ नुसता उभा राहिला की सर्वो, म्हणजे मोटारींची पॉवर, सोडतो आणि ब्रेक लावतो. ब्रेक उलटे असतात, करंट नसला की लागतात आणि करंट दिला की सुटतात, म्हणजे लाइट गेली तर हात खाली पडू नये. चहा पिऊन मामा स्टार्ट दाबतात. त्या क्षणी आधी भोंगा वाजतो तीन सेकंद, कुणी आत असेल तर बाहेर यावं म्हणून. त्याच वेळी सर्वो ऑन होतो आणि चारही ब्रेकच्या कॉइल एकदम करंट ओढतात. ग्रिपर, म्हणजे पोतं धरायचा पंजा, होम पोझिशनला उघडतो म्हणजे त्याचे विजेवर उघडणारे सगळे सोलेनॉइड व्हॉल्व्ह एकदम. हे सगळं २४ व्होल्टच्या त्याच एका सप्लायवर. एकदा चालू झालं की भोंगा बंद, व्हॉल्व्ह आलटून पालटून, लोड खाली येतो. म्हणून "येकदा चाललं की दम न्हाई लागत."

मग स्कोप लावला. सप्लायच्या तोंडाशी नाही, कंट्रोलरच्या बोर्डावर जिथं २४ पोचतं तिथं. ट्रिगर खाली जाताना २१ व्होल्टवर, सिंगल शॉट. म्हणजे स्कोप डोळा लावून बसतो आणि २१ च्या खाली गेलं की तेवढाच क्षण पकडून थांबतो. आणि मी चारच्या चहाची वाट बघत बसलो. मामांनी मला पण कप दिला. आयुष्यात पहिल्यांदा चहा हे टेस्टिंगचं साधन म्हणून प्यायलो.

चार वाजून दहा मिनिटं. मामांनी बटन दाबलं, भोंगा वाजला, पेंडंटची स्क्रीन गेली आणि स्कोपवर रेघ उमटली. २४ वरून सरळ १७ पर्यंत दरी, रुंदी साधारण ८० मिलिसेकंद, मग वर. मेंदूला १७ म्हणजे मरणच, तो रीस्टार्ट होणार नाही तर काय. मग माझ्या मीटरनं पहिल्या दिवशी २२.६ कसं दाखवलं? साधा मीटर मिन-मॅक्सला दर शंभर मिलिसेकंदांनी वगैरे बघतो आणि मधल्या काळाची सरासरी काढतो, बारीक दरी त्यात विरघळून जाते. शिवाय मी तो सप्लायच्या टर्मिनलवर लावला होता. तिथून बोर्डापर्यंत कुणीतरी नंतर ०.७५ स्क्वेअर मिलिमीटरची बारीक वायर टाकली होती, जाऊन येऊन आठ मीटर. त्या वायरचा रोध मीटरला २५ मिलीओहम धरा, आठ मीटरला ०.२ ओहम, आठ अँपिअर गेले की दीड व्होल्टच्या वर तिथंच खलास. ज्याला सप्लाय पाहिजे त्याच्या दारात मोजायचं असतं, देणाऱ्याच्या दारात नाही, हे मला शिकवणारा माणूस आता रिटायर झालाय आणि बरं झालं त्यानं मला या आठवड्यात बघितलं नाही.

आता कोण किती खातंय ते बघू म्हटलं. वायर न तोडता करंट मोजणारा डीसीचा क्लॅम्प मीटर लागतो त्याला. मेंटेनन्सच्या पोरानं त्याचा क्लॅम्प आणला होता आणि तो सांगत होता सर करंटच नाही, शून्य दाखवतोय, कारण त्याचा क्लॅम्प फक्त एसीचा होता. हे आमच्या धंद्यात फार होतं, त्याची चूक नाही, क्लॅम्पवर डीसी व्होल्टेज मोजता येतं त्यामुळं माणसाला वाटतं डीसी करंट पण दाखवत असेल. माझा लावला. रोबो चालू असताना ९.६ अँपिअर. दहाच्या सप्लायवर. भोंगा, ब्रेक आणि व्हॉल्व्ह एकदम आले की साडेअकराच्या वर.

एवढं कुठं जातंय म्हणून टर्मिनल स्ट्रिपवरून एकेक वायर धरून मागं मागं गेलो. ही खरी गंमत. रोबो आला तेव्हा या सप्लायवर फक्त रोबो होता. मग कुणीतरी टॉवर लॅम्प लावला, मग भोंगा, मग ग्रिपर बदलला त्याचे जास्तीचे व्हॉल्व्ह, मग दोन फोटो सेन्सर, मग एक कॅमेरा, आणि एका वायरच्या टोकाला, शपथेवर सांगतो, मोबाईल चार्जर. २४ व्होल्ट दिसलं की आपल्याकडं लोकांना सार्वजनिक नळ दिसतो. आणि शेवटचं, दोन मोठे नवेकोरे डीसी फॅन, पॅनेलच्या वरच्या बाजूला, दोन्ही मिळून बरोबर दोन अँपिअर.

म्हटलं हे फॅन कधी लावले?

पोरगं म्हणालं, "सर तुम्हीच सांगितलं ना वारा वाढवा."

म्हणजे दिवसाला एकदाचं तीन-चारदा मी केलं होतं. फॅनच्या आधी सुरुवातीचा झटका साडेनऊच्या आसपास, आणि तापलेल्या पॅनेलमध्ये सप्लायची ताकद पावणेनऊ, म्हणून फक्त उन्हाच्या वेळी आणि ते पण एखाद्या वेळी. थंड सप्लाय थोडा जास्त लोड थोडा वेळ ओढतो. फॅननंतर झटका साडेअकरा, आता थंड असो की गरम. सांगणं बरोबर होतं, फॅन २३० चे लावा एवढं दोन शब्दांनी पुढं बोलायला पाहिजे होतं.

दुरुस्ती तशी साधी. पाच अँपिअरचा वेगळा एसएमपीएस छोट्या डब्यात बसवला आणि बाहेरची सगळी मंडळी त्याच्यावर टाकली, भोंगा, लॅम्प, व्हॉल्व्ह, कॅमेरा. व्हॉल्व्ह रोबोच्या आउटपुटनं चालतात त्यामुळं मध्ये रिले टाकले, रोबोनं फक्त रिलेची कॉइल ओढायची, आणि प्रत्येक कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा, नाहीतर कॉइल सोडताना जो झटका मागं येतो तो आउटपुटचं कार्ड खातो. रिले न टाकता करायचं असतं तर दोन्ही सप्लायचे शून्य एकत्र जोडावे लागले असते, ते विसरलं की आउटपुट लागलेलं दिसतं आणि व्हॉल्व्ह ढिम्म. फॅन काढून २३० चे लावले. ०.७५ ची वायर काढून अडीच स्क्वेअर टाकली. चार्जर काढला, त्यावरून जरा कुरबुर झाली.

मग परत स्कोप लावला, परत ट्रिगर २१ ला. मामांना म्हटलं आता चहा न पिता चहा करा. थांबायचं, सर्वो सुटू द्यायचा, स्टार्ट. असं अकरा वेळा केलं. स्कोप एकदाही जागा झाला नाही. ट्रिगर २३ वर आणला तेव्हा कुठं हललं, २२.९ दिसलं.

आता त्या जुन्या, पहिल्या एसएमपीएसचं. तो भंगारच्या पिंपात पडला होता, खराब म्हणून. मी मागून घेतला आणि गाळ्यावर आणून लोड टेस्ट केली. लोड टेस्टला माझ्याकडं काही भारी यंत्र नाही, ट्रकचे हेडलाइटचे बल्ब आहेत, २४ व्होल्टचे, ७० वॉटचे, ऑटोमोबाईलच्या कुठल्याही दुकानात मिळतात. एक बल्ब तीन अँपिअरच्या आसपास ओढतो. एका लाकडी फळीवर चार होल्डर आणि चार स्विच. बल्ब एकेक करूनच लावायचे बरं का, थंड फिलामेंट पहिल्या क्षणी कितीतरी पट जास्त करंट ओढतं, चारही एकदम लावले तर चांगला सप्लाय पण लाजून बंद पडेल आणि तुम्ही त्याला खराब म्हणाल. तीन बल्बवर अर्धा तास ठेवला. नऊ अँपिअर, २३.९ व्होल्ट, हलला नाही. रिपल, म्हणजे डीसीतली थरथर, बघितला, बारीक. झाकण काढून कपॅसिटरची डोकी बघितली, सपाट, फुगलेलं एक पण नाही. धडधाकट सप्लाय भंगारात आणि त्याच्या जागी आणलेला नवीन पैसे देऊन.

खरंच मेलेला सप्लाय वेगळा वागतो. त्याची एक खूण अशी की तो थंडीत रुसतो. आठवडाभर चालतो, सुट्टीनंतर सकाळी चालू होत नाही, दोन-चारदा स्विच खालीवर केला की होतो, मग परत आठवडाभर काही नाही. कपॅसिटर वाळत आला की त्याचा आतला रोध वाढतो, आणि थंड असताना तो सगळ्यात जास्त असतो, म्हणून गरम होईपर्यंत नाटक. मी हेअर ड्रायरनं कपॅसिटर कोमट करून बघतो, लगेच उठला तर तोच चोर. उलट जो सप्लाय सकाळी टुणटुणीत आणि दुपारी पडतो, तिथं आधी फॅन, फिल्टर, लोड बघा. आणि जो विशिष्ट पोझिशनलाच पडतो, तिथं सप्लायकडं बघूच नका, केबल बघा.

या तिसऱ्या जातीचा एक किस्सा कुपवाडच्या एका फाउंड्रीतला. तिथं २४ व्होल्टच्या आउटपुटचा फ्यूज उडायचा. नवीन टाकला की दोन तास, कधी दोन मिनिटं. त्यांनी फ्यूजचं अख्खं पाकीट संपवलं होतं आणि शेवटी कुणीतरी, असू दे, वायर गुंडाळली होती फ्यूजच्या जागी. वायर गुंडाळणाऱ्याला मी समोर बघितलं तर रागवायचो, पण रात्रपाळीला प्रॉडक्शनवाला डोक्यावर उभा असला की माणूस काय काय करतो हे मी पण केलेलं आहे. तर पॉवर बंद करून मीटर लावला, शॉर्ट नाही. सगळे कनेक्टर काढले, निम्मे लावले, चालू, उरलेल्यातले निम्मे लावले, असं करत करत ग्रिपरच्या केबलवर आलो. पण केबल मीटरवर चांगली. मग फ्यूज काढून त्याच्या जागी २४ व्होल्टचा २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब टाकला. सेन्सर थोडासाच करंट घेतात, त्यामुळं बल्ब नुसता लालसर. शॉर्ट झाला की बल्ब पूर्ण पेटणार, पण एक अँपिअरच्या आतच करंट जाणार, म्हणजे जळणार काही नाही. मग रोबो टीचमध्ये, म्हणजे पेंडंटवरून हळू चालवायच्या मोडला, २५० मिलिमीटर सेकंदाच्या आतला स्पीड, एकेक अक्ष (सांधा) हळूहळू फिरवायचा आणि बल्बकडं बघायचं. पाचवा अक्ष एका बाजूला पूर्ण झुकला आणि बल्ब भगभगीत. परत सरळ, विझला. मनगटापाशी केबलची चामडी वितळलेल्या थेंबानं गेली होती, आतलं तांबं फक्त त्याच वळणावर बॉडीला टेकत होतं. पंधरा रुपयांचा बल्ब. त्या पोरांनी नंतर तो बल्ब पॅनेलच्या दाराला आतून टेपनं चिकटवून ठेवला, त्याच्यावर मार्करनं लिहिलंय "डॉक्टर".

तर हळदीच्या कारखान्याचं बिल. तीन खेपा, एक स्कोप, दोन दिवस. पहिल्या दोन खेपांचे मी लावलेच नाहीत, लावायचं तोंड नव्हतं. तिसरीचं लावलं. मॅनेजर साहेबांनी बिल वाचलं, चष्मा काढला, परत वाचलं. "पार्ट तर काही बदलला नाही तुम्ही, पाच अँपिअरचा छोटा सप्लाय आणि वायर. मग एवढे कशाचे?" मी म्हटलं शोधायचे. ते म्हणाले शोधलं तर आमच्या मामांनी. यावर मी काय बोलणार.

शेवटी निम्मे रोख मिळाले, निम्मे पुढच्या महिन्यात म्हणालेत, आणि एक किलो हळद दिली घरी न्यायला. तो जुना एसएमपीएस त्यांनी परत मागितला नाही, आता माझ्या टेबलावर बेंच सप्लाय म्हणून चालतोय, किती पण पुसला तरी त्याच्या जाळीतनं अजून पिवळी पूड पडते. मामांचा परवा फोन आला होता. मला वाटलं परत बंद पडला की काय, छातीत धस्स झालं. तर म्हणाले, "सायेब, त्यो चार्जर तेवढा कुठंतरी परत लावून द्या की."